लिस्टची यात्रा, बर्मानचा पियानो

फ्रान्झ लिस्ट या हंगेरियन संगीतकाराने एकट्या पियानोसाठी लिहिलेल्या ‘आने द पेलेरिनाज’ म्हणजे ‘यात्रेची वर्षे’ या मालिकेचे संपूर्ण ध्वनिमुद्रण रशियन पियानोवादक लाझार बर्मान याने 1977 मध्ये डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठी केले. तीन तबकड्यांचा संच, सुमारे तीन तासांचे वादन, वाद्य एक आणि वादक एक. प्रवास आणि निसर्ग यांतून जन्मलेल्या पियानो-संगीताचा विषय निघाला की जाणकार हा संच आवर्जून काढतात. या संचामागे दोन आयुष्ये आहेत. लिस्टने तारुण्यात युरोप पायाखाली घातला आणि त्या भटकंतीचे संगीत हातावेगळे करायला त्याला पुढची चाळीसहून अधिक वर्षे लागली. बर्मानला मात्र ऐन उमेदीच्या काळात स्वतःच्या सरकारने देशाबाहेर पाऊल टाकू दिले नाही.

मालिकेचे तीन भाग आहेत. पहिला स्वित्झर्लंडचा, त्यात नऊ रचना. दुसरा इटलीचा, त्यात सात, शिवाय ‘व्हेनिस आणि नेपल्स’ नावाची तीन रचनांची पुरवणी. तिसऱ्या भागाला देशाचे नाव नाही. त्यात सात रचना आहेत आणि त्यांपैकी सर्वांत गाजलेल्या रोमजवळच्या तिव्होली गावातल्या एका बागेवर आहेत. अशा एकूण 26 रचना. काही दोन-तीन मिनिटांत संपतात, काही पाव तास चालतात.

लिस्टचा जन्म 22 ऑक्टोबर 1811 रोजी तेव्हाच्या हंगेरीतल्या रायडिंग या खेड्यात झाला. बारा वर्षांचा असताना, 1823 मध्ये, वडील त्याला पॅरिसला घेऊन गेले. तिथल्या एरार या पियानो बनवणाऱ्या घराण्याने या मुलाला हाताशी धरले. याच एरारने 1821 मध्ये पियानोच्या यंत्रणेत एक मोठी सुधारणा केली होती. पूर्वी पट्टी पुरती वर आल्याशिवाय तोच सूर पुन्हा वाजत नसे. एरारच्या नव्या रचनेत पट्टी अर्धी वर आली तरी हातोडी पुन्हा तारेवर पडू शकत होती, म्हणून एकच सूर झरझर घोळवता येऊ लागला. पाण्याचे तुषार, पानांची सळसळ, दूरच्या घंटेची थरथर पियानोवर आणणे शक्य झाले ते बऱ्याच अंशी या कारागिरीमुळे. लिस्टच्या कल्पनेचे कौतुक करताना या सुताराच्या आणि लोहाराच्या हातांना विसरून चालत नाही.

वऱ्हाडातल्या भजनी मंडळात, शाळेत, नाट्यसंगीताच्या बैठकीत पेटी सर्वांच्या ओळखीची असते. पेटीच्या आणि पियानोच्या पट्ट्या दिसायला सारख्या, पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा. पेटीचा सूर भात्यातून हवा मिळते तोवर टिकतो. पियानोत नमदा लावलेली हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून सूर मावळू लागतो. पट्टी सोडली की तारेवर गादी बसते आणि आवाज थांबतो. पायाखालचे उजवे पेडल दाबले तर सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. मग वाजवलेली तार तर घुमतेच, न वाजवलेल्या ताराही तिच्याबरोबर हलक्या थरथरू लागतात. आधुनिक पियानोत 88 पट्ट्या आणि दोनशेहून अधिक तारा असतात. मावळणारे सूर आणि त्यांचा एकमेकांत मिसळणारा घुमार हाच लिस्टचा कच्चा माल. दरीतला प्रतिध्वनी, पाण्यावरची लकाकी, संध्याकाळची घंटा या सगळ्या विरत जाणाऱ्या गोष्टी आहेत आणि विरत जाणे हा पियानोचा मूळ धर्मच आहे.

त्या काळात निसर्गाकडे पाहण्याची युरोपची नजरही पालटत होती. पूर्वीच्या वाटसरूला आल्प्सचे घाट म्हणजे जिवावरचे संकट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात विचारवंत रूसोच्या लेखनाने डोंगरदऱ्यांची ओढ लावली, आणि पुढच्या पिढीला तिथे स्वतःच्याच मनाचा ठाव लागू लागला. फ्रेंच लेखक सेनांकूर याची ‘ओबरमान’ ही पत्ररूप कादंबरी 1804 मध्ये आली; आल्प्सच्या एकांतात जगण्याचा अर्थ शोधणारा, सदा बेचैन असा तिचा नायक आहे. इंग्लिश कवी बायरनच्या ‘चाइल्ड हॅरल्ड’ या दीर्घकाव्याने तर अख्ख्या युरोपातल्या तरुणांना वाटेला लावले. लिस्टने ही पुस्तके मनापासून वाचली होती आणि स्विस भागातल्या अनेक रचनांच्या माथ्यावर बायरन, जर्मन कवी शिलर आणि सेनांकूर यांचे उतारे छापले.

1835 मध्ये लिस्ट आणि मारी दागू या कौंटेसने पॅरिस सोडले. मारी विवाहित होती, त्याच्यापेक्षा वयाने मोठी, विदुषी. पुढे डॅनियल स्टर्न या नावाने तिने लेखिका म्हणून कीर्ती मिळवली. ती दोघे बाझेलला भेटली, स्वित्झर्लंडमधल्या सरोवरांच्या काठाकाठाने हिंडली आणि जिनिव्हात राहिली. तिथेच डिसेंबर 1835 मध्ये त्यांची पहिली मुलगी ब्लांदीन जन्मली. पुढच्या वर्षी लेखिका जॉर्ज सांद हिच्यासोबत शामोनीची सहल झाली. नंतर इटली, तिथे कोझिमा आणि डॅनियल ही दोन मुले झाली. या हिंडण्यात लिस्टने जे टिपले ते आधी ‘प्रवाशाची वही’ अशा नावाने 1842 पर्यंत छापून आले.

इथे या मालिकेच्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा टप्पा येतो. ती वही लिस्टला पुढे समाधान देईना. 1847 मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने पैसे घेऊन मैफली करणे सोडले आणि तो वायमार येथे स्थिरावला. मारीशी संबंध केव्हाच तुटले होते. मग त्याने त्या जुन्या रचना एकेक करून हाती घेतल्या. काही गाळल्या, काही पार नव्याने लिहिल्या, नुसत्या कसरतीचा भाग छाटला, एक वादळ नव्याने आणले. स्वित्झर्लंडचा भाग 1855 मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे प्रत्यक्ष प्रवासानंतर वीस वर्षांनी. जुन्या आणि नव्या आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या तर फरक कानाला लगेच कळतो. जुनीत पाहिलेल्या गोष्टी सांगण्याची घाई आहे. नवीत उरलेले तेवढेच आहे. निसर्गावरच्या या संगीतातला निसर्ग आठवणीतून गाळून आलेला आहे, आणि त्याची ताकद त्यातच आहे.

वऱ्हाडातल्या वाचकाला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरस्वामींची भ्रमंती संपल्यानंतर, अनुयायांच्या आठवणी गावोगाव फिरून गोळा करून. स्वामी कुठे थांबले, कुठल्या देवळात बसले याची नोंद ठेवणारी ‘स्थानपोथी’ही महानुभावांनी जपली. प्रवास आधी होतो आणि त्याचे रूप मागाहून ठरते, ही गोष्ट मराठी गद्याच्या पहिल्याच ग्रंथात आहे.

स्विस भागाची सुरुवात विल्यम टेलच्या देवळापासून होते. लुसर्न सरोवराच्या काठी या स्विस लोकनायकाचे छोटे प्रार्थनाघर आहे. भरदार स्वरसंगतीत एक स्तोत्रासारखी धून उभी राहते, मग रणशिंग फुंकल्यासारखे सूर आणि दऱ्यांतून परत येणारे त्यांचे पडसाद. पडसाद आणण्याची युक्ती साधी आहे: तीच सुरावट दुसऱ्यांदा अगदी हलक्या हाताने. पण किती हलक्या आणि किती वेळ थांबून, हे वादकाच्या कानावर आहे, आणि वादक ओळखायचा तो अशाच जागी.

‘वॉलेनश्टाटच्या सरोवराकाठी’ ही दुसरी रचना जेमतेम तीन मिनिटांची. डावा हात एकच लहानसे आवर्तन शेवटपर्यंत फिरवत राहतो, उजवा हात त्यावर एक साधे गाणे म्हणतो. मारीने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की लाटांचा उसासा आणि वल्ह्यांची लय धरून लिस्टने हे तिच्यासाठी रचले आणि पुढे कधीही ते ऐकताना तिला रडू आवरले नाही. चौथी रचना ‘झऱ्याकाठी’. हातांवरून हात जातात, तार सप्तकात बारीक सूर एकमेकांना घासून चमकतात. जवळजवळचे दोन सूर एकत्र वाजले की एरवी कानाला खटकतात. लिस्टने तोच खटका पाण्याच्या उन्हातल्या लुकलुकीसाठी वापरला. वाजवायला ही रचना फार कठीण, आणि ऐकणाऱ्याला त्या कष्टाचा पत्ता लागला तर ती फसली.

पाचवी ‘वादळ’. दोन्ही हात सप्तकाच्या उड्या घेत खाली कोसळतात, मंद्रातून गडगडाट उठतो. लिस्टने ही रचना 1855 च्या आवृत्तीसाठी नव्याने घातली. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्याला इथे थोडे थबकायला होते. आपल्याकडे मियाँ मल्हारात दोन निषादांचे आंदोलन ढगांची जड गंभीरता आणते, पण गवई पावसाचा आवाज काढत नाही. राग, वेळ आणि ऋतू यांचे नाते परंपरेने आधीच बांधलेले असते. लिस्टपाशी असे बांधलेले नाते नव्हते. कुठल्या सुरांनी पाऊस समजावा हे त्याला प्रत्येक रचनेत नव्याने ठरवावे लागले, म्हणून तो कधी सरळ नाद उचलतो, कधी शीर्षकाचा आधार घेतो, कधी कवितेचा. श्रावणात चिखलदऱ्याच्या भीमकुंडापाशी उभे राहून सातपुड्यावर चाल करून येणारे ढग ज्याने पाहिले असतील, त्याला हे ‘वादळ’ समजायला आल्प्स पाहण्याची गरज पडणार नाही.

पण या भागाचे खरे हृदय सहाव्या रचनेत आहे, ‘ओबरमानची दरी’. ही दरी नकाशावर सापडत नाही. सेनांकूरच्या नायकाच्या मनातली ती दरी. डाव्या हातात, मधल्या खालच्या पट्टीत, पायरी पायरीने उतरणारी एक सुरावट सुरू होते आणि जवळजवळ चौदा मिनिटांची ही रचना त्या एका उतरत्या ओळीतून वाढते. मी कोण, निसर्गाकडे मी काय मागतो, या नायकाच्या प्रश्नांचे उतारे लिस्टने स्वरलेखनासोबत छापले. मध्यावर एक वादळ येते, तेही आतलेच. मग तीच उतरती सुरावट उदास मायनरमधून उजळ मेजरमध्ये येते, दोन्ही हात भरून गाते आणि इतकी उंच चढते की सुटका झाली असे वाटते. शेवटच्या ओळीत मात्र लिस्ट ती सुरावट पुन्हा खाली उतरवून अचानक थांबतो. उत्तर मिळाले की नाही हे त्याने उघडे ठेवले आहे. एकोणिसाव्या शतकातल्या पियानो-संगीतात इतके प्रामाणिक आत्मचरित्र क्वचितच सापडते.

आठव्या रचनेचे नाव ‘ल माल द्यू पेई’. गावाची आठवण येऊन जीव कासावीस होणे, असा त्याचा भाव. तिचा आधार स्विस गुराख्यांच्या हाकाऱ्यांचा. गाई डोंगरावरून खाली बोलावताना गुराखी ज्या सुरावटी आळवत त्यांच्याविषयी रूसोने 1768 च्या आपल्या संगीतकोशात एक विलक्षण नोंद केली: परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस पलटणींत या धुनी वाजवायला बंदी होती, कारण त्या ऐकून शिपाई रडत, पळून जात किंवा झुरून मरत. लिस्टने असा हाकारा एकट्या उघड्या सुरात मांडला, त्याला तुटक थांबे दिले, मध्ये एक हळवे गाणे ठेवले आणि मग पुन्हा तोच एकाकी हाकारा. कसब दाखवायला इथे जागाच नाही. वऱ्हाडात दिवाळीच्या पाडव्याला गाई सजवून, डफडी वाजवत निघणाऱ्या गोवाऱ्यांची गाणी लहानपणी ज्यांनी ऐकली आणि जे आता नोकरीसाठी दूर शहरात आहेत, त्यांना ही सहा-सात मिनिटे कुणी समजावून सांगायला नको. शेवटची रचना ‘जिनिव्हाच्या घंटा’. तिची पहिली आवृत्ती तान्ह्या ब्लांदीनला अर्पण केलेली होती.

इटलीचा भाग 1858 मध्ये निघाला. तिथे निसर्ग मागे सरतो आणि चित्रे, पुतळे, कविता पुढे येतात. राफाएलच्या मिलानमधल्या चित्रावर ‘स्पोझालिझिओ’, फ्लॉरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या चिंतनमग्न पुतळ्यावर ‘इल पेन्सेरोझो’, पेत्रार्काच्या तीन सुनीतांवर तीन रचना, आणि अखेरीला दान्तेच्या वाचनानंतर सुचलेली मोठी कल्पनाकृती. ही शेवटची षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामधल्या बेचैन अंतराने उघडते. दान्तेच्या नरकाचे दार उघडायला युरोपीय कानांसाठी याहून योग्य अंतर नव्हते. हा भाग भव्य आहे, पण प्रवास आणि निसर्ग या विषयात त्याच्यापाशी फार रेंगाळण्याचे कारण नाही. पुरवणीतली व्हेनिसची ‘गोंदोलिएरा’ आणि नेपल्सची ‘तारांतेला’ हलकीफुलकी. त्यांत तिथली लोकप्रिय गाणी आहेत.

तिसऱ्या भागातला लिस्ट म्हातारा आहे. मधल्या काळात त्याचा मुलगा डॅनियल 1859 मध्ये वारला आणि मुलगी ब्लांदीन 1862 मध्ये. 1865 मध्ये त्याने धर्मसेवेची प्राथमिक दीक्षा घेतली, तेव्हापासून लोक त्याला आबे लिस्ट म्हणू लागले. रोम, वायमार आणि बुडापेस्ट अशी त्याच्या वर्षाची वाटणी झाली. रोमजवळ तिव्होलीला व्हिला देस्ते नावाची सोळाव्या शतकातली बाग आहे. कार्डिनल होहेनलोहेने तिथल्या काही खोल्या त्याला राहायला दिल्या होत्या. 1877 च्या उन्हाळ्याअखेर तिथल्या सरूच्या झाडांनी त्याला पछाडले. त्या उंच, काळपट, स्मशानाची आठवण देणाऱ्या वृक्षांवर त्याने दोन विलापिका लिहिल्या. त्यांत सूर घर शोधत फिरतात आणि पुष्कळदा सापडत नाही.

त्याच बागेतल्या कारंज्यांवरची रचना मात्र उजेडाने भरलेली आहे. ‘ले जो दो आ ला व्हिला देस्ते’. अनिएने नदीचे पाणी उतारावरून वळवून ही कारंजी चालतात. पंप नाही, सगळा जोर उंचीचा. लिस्टने तार सप्तकात थुईथुई उडणारे, घरंगळणारे सूर असे रचले की पुढच्या पिढीचा रस्ताच बदलला. फ्रेंच संगीतकार रावेलचे 1901 मधले ‘जो दो’ आणि देब्युसीचे 1905 च्या सुमाराचे पाण्यातल्या प्रतिबिंबांचे संगीत यांच्या पूर्वजांत ही कारंजी मोडतात. रचनेच्या मध्यावर लिस्टने योहानाच्या शुभवर्तमानातले जिवंत पाण्याविषयीचे वचन लिहून ठेवले आहे. झऱ्याकाठी खेळणारे तरुण पाणी इथे प्रार्थनेपर्यंत आले आहे. दोन्ही रचना पाठोपाठ ऐकल्या तर मधली चाळीस वर्षे ऐकू येतात. याच भागात ‘हंगेरियन पद्धतीने’ अशी सूचना असलेली एक शोकरचना आहे. हंगेरियन मायनर म्हणून ओळखले जाणारे सप्तक आपल्या कानाला चटकन पटते: तोडीतला कोमल ऋषभ तेवढा शुद्ध केला की तेच सूर मिळतात. तिसरा भाग 1883 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 31 जुलै 1886 रोजी बायरॉइट येथे लिस्टचे निधन झाले.

यातल्या सुट्या रचना पियानोवादक पूर्वीपासून वाजवत आले. कारंजी, ओबरमान, दान्ते, पेत्रार्काची एखादी सुनीत-रचना मैफलीत हमखास असे. पूर्ण मालिका सलग वाजवण्याचे धाडस विरळा, कारण तिसरा भाग टाळ्यांचा नाही. इटालियन वादक आल्दो चिकोलिनीने मात्र संपूर्ण मालिका पूर्वीच ध्वनिमुद्रित केली होती. बर्मानचा संच त्यानंतरचा.

बर्मानचा जन्म 26 फेब्रुवारी 1930 रोजी लेनिनग्राडमध्ये झाला. आई पियानो वाजवी, तीच पहिली गुरू. पुढे मॉस्कोत अलेक्सांदर गोल्डनवायझर या थोर शिक्षकाकडे तालीम झाली. 1956 मध्ये ब्रसेल्स आणि बुडापेस्टच्या स्पर्धांत तो पारितोषिकांच्या यादीत आला. बाहेरचे जग उघडते आहे असे वाटत असतानाच एका फ्रेंच स्त्रीशी त्याने लग्न केले. ते लग्न टिकले नाही, पण त्यापायी 1959 पासून 1971 पर्यंत त्याला परदेशी जाऊ दिले गेले नाही. त्या वर्षांत तो सोव्हिएत देशातल्या गावोगावी वाजवत राहिला. लिस्टच्या अतिकठीण एत्यूदांच्या, म्हणजे सरावरचनांच्या, त्याच्या ध्वनिमुद्रिका तेवढ्या पश्चिमेकडे पोहोचल्या आणि हा वादक आहे तरी कोण, अशी कुजबुज सुरू झाली. 1975 मध्ये वाद्यवृंद-संचालक कारायानसोबत चायकोव्हस्कीचा कॉन्सेर्तो, 1976 मध्ये अमेरिकेचा दौरा, आणि लगेच पुढच्या वर्षी ‘यात्रेची वर्षे’. 1980 च्या सुमारास सामानात अमेरिकन पुस्तके सापडल्याच्या कारणाने त्याच्यावर पुन्हा बंधने आली. शेवटी 1990 मध्ये त्याने देश सोडला आणि तो इटलीत स्थायिक झाला. 6 फेब्रुवारी 2005 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्याचा मृत्यू झाला.

बर्मानची ख्याती प्रचंड ताकदीची. मोठे हात, गडगडाटी सप्तके, अचाट वेग. या संचात ती ताकद ‘वादळा’त आणि दान्तेत दिसतेच, पण संच मोठा ठरला तो त्याने ती जिथे आवरून धरली तिथे. ‘ओबरमान’ची सुरुवात तो इतक्या सावकाश करतो की प्रत्येक सूर मावळताना ऐकू येतो. ‘ल माल द्यू पेई’तल्या थांब्यांना तो घाई करत नाही, हाकारा देऊन उत्तराची वाट पाहणारा माणूसच तिथे उभा राहतो. सरोवराकाठच्या गाण्यावर तो लाडिक रंग चढवत नाही. तिसऱ्या भागातल्या विलापिका काही वादक अवघड प्रयोग म्हणून वाजवतात. बर्मान त्या शोक म्हणूनच वाजवतो. त्याच्या कारंज्यांपेक्षा अधिक चपळ आणि अधिक पारदर्शक कारंजी इतरत्र मिळतील. पण सव्वीस रचनांमधून एकच माणूस तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत चालत गेल्याचा जो प्रत्यय हा संच देतो, तो फार थोड्यांना साधला आहे.

2013 च्या एप्रिलमध्ये या संचाला अनपेक्षित श्रोतृवर्ग मिळाला. हारुकी मुराकामी या जपानी लेखकाची रंगहीन त्सुकुरू ताझाकी आणि त्याच्या यात्रेच्या वर्षांविषयीची कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या नावातच लिस्टची मालिका आहे आणि कथेत ‘ल माल द्यू पेई’ पुन्हा पुन्हा वाजते. नायकाचा मित्र त्याला बर्मानचीच तबकडी ऐकवतो. जपानमध्ये या ध्वनिमुद्रणाला एकाएकी इतकी मागणी आली की कंपनीला ते पुन्हा बाजारात आणावे लागले. त्याच कादंबरीत आल्फ्रेड ब्रेंडेलच्या वादनाचाही उल्लेख येतो; ब्रेंडेलचा हात अधिक संयमी, अधिक विचारी. झोल्तान कोचिश, लुई लोर्ती आणि बेर्त्रां शामायू यांचे संपूर्ण संचही ऐकण्याजोगे आहेत. शामायूच्या वादनातले पाणी फार स्वच्छ आहे.

अमरावती-अकोल्याच्या रसिकाला पियानोची मैफल ऐकायला मुंबई-पुणे गाठावे लागते, त्यामुळे या संगीताशी गाठ पडते ती ध्वनिमुद्रणातूनच. ते फोनवर सहज मिळते, पण फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून पियानोचे मंद्र सूर जवळजवळ येतच नाहीत आणि ‘ओबरमान’ तर तिथूनच सुरू होते. बरा हेडफोन किंवा घरातली मोठी ध्वनियंत्रणा हवी. तीन तास एका बैठकीत ऐकण्याचा आग्रहही नको. मूळ संच तबकड्यांचा होता आणि तबकडीची एक बाजू पंचवीस-तीस मिनिटांत संपे. तेवढाच घास बरा. पहिल्यांदा स्विस भाग सलग ऐकावा, कारण सरोवर, झरा, वादळ, दरी, गुराखी आणि घंटा हा क्रम लिस्टने विचारपूर्वक लावला आहे. तिसऱ्या भागाकडे काही महिन्यांनी गेले तरी चालते.

या वाटेवरचे इतर प्रवासी पुष्कळ आहेत. शूमानची ‘वनदृश्ये’ 1848-49 मधली, नऊ छोट्या रचनांची. त्यातला भविष्य सांगणारा पक्षी एकदा ऐकला की विसरत नाही. चायकोव्हस्कीने 1875-76 मध्ये वर्षाच्या बारा महिन्यांवर बारा रचना लिहिल्या. नॉर्वेच्या ग्रीगने 1867 ते 1901 या काळात दहा भागांत 66 ‘भावरचना’ दिल्या, त्यांत डोंगर, ओढे आणि गावातली लग्ने आहेत. स्पेनच्या आल्बेनिसची बारा रचनांची ‘इबेरिया’ 1909 मध्ये त्याच्या मृत्यूपूर्वी पुरी झाली. स्वदेशापासून दूर पॅरिसमध्ये लिहिलेले हे स्पेनचे चित्र आहे.

आणि हा प्रवास एकदा महाराष्ट्रापर्यंतही पोहोचला. फ्रेंच संगीतकार आल्बेर रूसेल 1909 मध्ये पत्नीसह हिंदुस्थानात आला आणि त्याने वेरूळची लेणी पाहिली. परत गेल्यावर त्याने ‘एव्होकासियों’ नावाची तीन भागांची कृती रचली. तिच्या पहिल्या भागाचे नाव ‘गुंफांच्या सावलीतले देव’, दुसरा भाग जयपूरवर आणि तिसरा काशीच्या गंगेवर. 1912 मध्ये पॅरिसला ती प्रथम वाजवली गेली. ती मोठ्या वाद्यवृंदासाठी आहे, तिच्या तिसऱ्या भागात गायकांचा समूहही आहे, म्हणून पियानोच्या संचांत ती सापडत नाही. पण तिची स्वतंत्र ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत, आणि लिस्टच्या यात्रेनंतर ऐकायला पुढची कृती हवी असेल तर वेरूळचा तो पहिला भाग घ्यावा.